फेसबुक-इन्स्टाग्रामचं जाहिरात खातं बंद करताना: सुरुवात कुठून, शेवट कुठं

दिवाळीचा फराळ विकून झाला, भाऊबीज आटोपली, मोठे डबे धुऊन माळ्यावर गेले. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी फोनमधून फेसबुकचं ॲप काढून टाकलं. त्यांच्या लेखी जाहिरात तिथंच संपली. महिनाभरानं त्या बँकेचं स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आल्या. रोज ३०० रुपयांची जाहिरात आणखी २४ दिवस चालू राहिली होती. ७,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,२९६, एकूण ८,४९६ रुपये. चकलीची भाजणी केव्हाच संपली होती, तरी रोज चार-पाच जण "ताई, अर्धा किलो मिळेल का?" असं विचारत होते. जुनी पोस्ट पाहून विचारत असतील, असं काकूंना वाटत होतं. फराळात किलोमागं किती सुटतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा आकडा किती लागतो ते कळेल.

मी घरगुती आणि छोट्या धंद्यांच्या जाहिराती लावून देते. खातं उघडायला शिकवणारे पुष्कळ आहेत, बंद करायला शिकवणारं क्वचितच कुणी भेटतं. म्हणून बहुतेक जण उलट्या टोकाला हात घालतात. आधी ॲप काढतात, मग कार्ड ब्लॉक करतात, तरीही मेसेज थांबले नाहीत की वैतागून प्रोफाइलच डिलीट करतात. जाहिरात तुमच्या फोनमध्ये नसते, ती मेटा या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या सर्व्हरवर चालते. ॲप काढल्यानं ती थांबत नाही, फक्त तुम्हाला दिसायची बंद होते. आणि प्रोफाइल डिलीट झालं की ती थांबवायची किल्लीही हातातून जाते.

जाहिरात खातं बंद करणं म्हणजे भाड्याचा गाळा सोडण्यासारखं आहे. माल हलवायचा, लाइटबिल भरायचं, कागद घ्यायचे, किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत त्या गोळा करायच्या आणि मग शटर ओढायचं. बटण एकच आहे आणि ते सगळ्यांत शेवटी दाबायचं. त्याआधीची कामं कोणत्या क्रमानं करायची ते खाली लिहिलं आहे. पडद्यावरची नावं इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत. मेटा ही नावं आणि त्यांच्या जागा अधूनमधून बदलते, त्यामुळे एखादा शब्द इकडचा तिकडे झालेला दिसला तर गोंधळू नका.

नक्की काय बंद करायचंय?

"माझं फेसबुक बंद करायचंय" असं सांगत लोक येतात, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, चालू असलेली जाहिरात. दुसरी, जाहिरात खातं, म्हणजे ज्यातून पैसे कापले जातात आणि ज्याला स्वतःचा लांबलचक क्रमांक असतो तो हिशेब. तिसरी, धंद्याचं पेज किंवा इन्स्टाग्रामचं खातं. चौथी, तुमचं स्वतःच्या नावाचं प्रोफाइल. जाहिरात खातं बंद केलं म्हणून पेज जात नाही. पेजवरच्या पोस्ट, फोटो, लोकांनी लिहिलेले अभिप्राय, सगळं जागच्या जागी राहतं. बूस्ट केलेली, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवलेली, पोस्टसुद्धा साधी पोस्ट म्हणून राहते. ही भीती काढून टाका, कारण याच भीतीपोटी अनेक जण नको असलेलं खातं वर्षानुवर्षं उघडं ठेवतात.

उलट बाजूनं मात्र जपून. पेज किंवा प्रोफाइल डिलीट केलं तर परत फिरायला ३० दिवस मिळतात, त्यानंतर ते कायमचं जातं. म्हणून प्रोफाइल डिलीट करायचंच असेल तर ते काम जाहिरात खात्याचा शेवटचा पैसा चुकता झाल्यावर करायचं.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा

पुढच्या हंगामात परत जाहिरात करणार आहात का? देवगड-रत्नागिरीचे हापूसवाले, मंगल कार्यालयं, राख्या, गणपतीची आरास, दहावी-बारावीचे क्लास असे धंदे वर्षातले दोन-चार महिनेच जाहिरात करतात. त्यांना मी खातं बंद करू नका असंच सांगते. खात्यात गेल्या वर्षीचे आकडे असतात. कुणी चौकशी केली, कोणती जाहिरात चालली, कोणत्या तालुक्यातून ऑर्डर आल्या, हे पुढच्या वर्षी कामाला येतं. अशांनी जाहिराती थांबवायच्या, बाकी चुकती करायची, अकाउंट स्पेंडिंग लिमिट (खात्यातून एकूण किती खर्च होऊ द्यायचा त्याची मर्यादा) लावून ठेवायचं आणि बँकेकडचा ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, रद्द करायचा. एवढ्यानं पैसे सुरक्षित राहतात.

धंदाच बंद होतोय, भागीदारी मोडली, एजन्सी बदलली, खात्यात कुणीतरी घुसलं होतं, किंवा मुलानं कधीतरी हौसेनं उघडलेलं खातं तुमच्या कार्डाला चिकटून बसलंय, अशा वेळी मात्र बंदच करा. शेवटचं कारण फार वेळा दिसतं. खात्यात एकच कार्ड असेल तर ते नुसतं काढून टाकू देत नाहीत. आधी दुसरं जोडा, नाहीतर खातं बंद करा, असे दोनच रस्ते असतात.

खाती किती आहेत ते मोजा

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. तुम्ही एकच खातं उघडलंय असं तुम्हाला वाटतं, पण निघतात दोन-तीन. फोनवरून पहिल्यांदा 'बूस्ट पोस्ट' दाबलं तेव्हा तुमच्या प्रोफाइलच्या नावावर एक खातं आपोआप कामाला लागलं असेल. पुढे कुणीतरी बिझनेस पोर्टफोलिओ (धंद्याची पेज, जाहिरात खाती आणि माणसं एकत्र सांभाळायची जागा) काढून दिला, त्यात दुसरं आलं. इन्स्टाग्रामवरून किंवा व्हॉट्सॲप बिझनेसमधून 'ॲडव्हर्टाइज' दाबलं असेल तर तेही तपासायला हवं.

हे काम फोनवर करू नका. लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर घ्या, ब्राउझरमध्ये ॲड्स मॅनेजर, म्हणजे मेटाचं जाहिराती सांभाळायचं पान, उघडा. वरच्या बाजूला खात्याचं नाव आणि क्रमांक दिसतो, त्यावर क्लिक केलं की सगळ्या खात्यांची यादी उघडते. प्रत्येक क्रमांक कागदावर उतरवा. शेजारी लिहा: जाहिरात चालू आहे का, बाकी किती, कोणतं कार्ड किंवा यूपीआय जोडलंय.

मग बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. कार्डावरच्या व्यवहारात साधारण 'फेसबीके' (FACEBK) अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक छोटा कोड असतो. हाच कोड खात्याच्या बिलिंगमधल्या व्यवहारापुढेही दिसतो. दोन्ही जुळवले की कोणत्या खात्यातून पैसे जातायत ते पक्कं कळतं. एखादा व्यवहार तुमच्या कुठल्याच खात्यात सापडला नाही तर तुमचं कार्ड दुसऱ्या कुणाच्या खात्यात आहे. एजन्सीच्या, जुन्या भागीदाराच्या किंवा चोराच्या. तसं असेल तर इथंच थांबा आणि खालचा 'चोरी झाली असेल तर' हा भाग आधी वाचा.

किल्ल्या कुणाकडे आहेत?

खातं बंद करायला त्यावर पूर्ण अधिकार लागतो, म्हणजे फुल कंट्रोल. नुसती जाहिरात लावायची परवानगी असलेल्याला बंद करायचं बटण दिसतच नाही. बिझनेस सेटिंग्जमध्ये जाऊन ॲड अकाउंट्सवर क्लिक केलं की प्रत्येक खात्यासमोर कोणकोण माणसं आणि कोणत्या भागीदार कंपन्या जोडलेल्या आहेत ते दिसतं.

आपल्याकडे बहुतेक छोट्या धंद्यांचं काम 'सोशल मीडिया बघणारा मुलगा' किंवा एखादी एजन्सी करते. तिथं तीन प्रकार असतात. खातं तुमच्या पोर्टफोलिओत आहे आणि एजन्सी भागीदार म्हणून आत आली आहे, हा सगळ्यात बरा प्रकार. तिला काढा आणि पुढची पावलं स्वतः उचला. दुसऱ्या प्रकारात खातं एजन्सीचं असतं, पेज फक्त तुमचं. हे खातं तुम्ही बंद करू शकत नाही, ते तुमचं नाहीच. तुमचं काम एवढंच की रिपोर्ट, बिलं आणि चौकशांची यादी मागून घ्यायची, जाहिराती थांबल्याची खात्री करायची आणि मग पेजवरून एजन्सीचा प्रवेश काढायचा. तिसऱ्या प्रकारात सगळं त्या मुलाच्या वैयक्तिक प्रोफाइलवर असतं आणि कार्ड तुमचं. त्याला शेजारी बसवून, त्याच्या लॉगिननं, तुमच्या डोळ्यांसमोर बंद करून घ्या. फोनवर "हो काका, केलं बंद" यावर सोडू नका.

आणखी एक. बिझनेस पोर्टफोलिओत तयार केलेलं किंवा त्यात कायमचं घेतलेलं जाहिरात खातं नंतर बाहेर काढता येत नाही, तिथल्या तिथंच बंद करावं लागतं. "मला माझं खातं पोर्टफोलिओतून वेगळं करून द्या" म्हणत लोक आठवडे घालवतात. तसं होत नाही.

धंद्याचा मालक गेला आणि खातं त्याच्या नावावर होतं, असंही होतं. प्रोफाइल स्मृती-खातं म्हणून नोंदवलं गेलं की त्यात कुणालाच लॉगिन करता येत नाही. म्हणून घाईनं तसा अर्ज करण्याआधी बिझनेस सेटिंग्जमध्ये घरातलं दुसरं कुणी ॲडमिन आहे का ते बघा. असेल तर सगळं काम त्याच्या लॉगिननं होतं. कुणीच नसेल तर पैशांचा नळ बँकेतून बंद करावा लागेल. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगते, खातं चालू असतानाच घरातल्या दोघांना पूर्ण अधिकार देऊन ठेवा.

जाहिराती थांबवा आणि दोन-तीन दिवस काहीच करू नका

ॲड्स मॅनेजरमध्ये कॅम्पेनची, म्हणजे जाहिरात-मोहिमांची, यादी असते, प्रत्येकासमोर निळा स्विच. कॅम्पेनचा स्विच बंद केला की त्याच्या पोटातले ॲड सेट (जाहिरातींचे गट) आणि जाहिराती सगळ्या थांबतात. एकेक जाहिरात शोधत बसायची गरज नाही. वरचा गाळणीचा (फिल्टरचा) पर्याय काढून टाका, म्हणजे सगळी कॅम्पेन दिसतील. नाहीतर पुढच्या तारखेला सुरू होणारी एखादी नजरेतून सुटते. काकूंची जाहिरात थांबली नव्हती कारण बूस्ट करताना शेवटची तारीख न घालता 'सतत चालू ठेवा' हा पर्याय राहून गेला होता.

यानंतर लगेच पुढे जाऊ नका. काही क्लिकचा आणि दिसण्याचा हिशेब उशिरा चढतो, त्यामुळे जाहिरात थांबल्यावरही बाकी रक्कम थोडी वाढते. मी दोन-तीन दिवस जाऊ देते. आकडा हलायचा थांबला की मग पैशांना हात लावायचा.

पैशांचा हिशेब

तुमचं खातं कोणत्या पद्धतीचं आहे ते बिलिंग अँड पेमेंट्समध्ये दिसतं. एक पद्धत उधारीची: आधी जाहिरात चालते, ठरावीक रक्कम झाली की किंवा महिन्याची बिलाची तारीख आली की कार्डातून पैसे कापतात. दुसरी प्रीपेड: आधी यूपीआय किंवा नेटबँकिंगनं पैसे भरायचे, ते संपेपर्यंत जाहिरात चालायची. भारतात प्रीपेड खाती पुष्कळ दिसतात. आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्ड-व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक नियम लावले. ५,००० रुपयांवरच्या प्रत्येक कापणीला ग्राहकाची वेगळी मंजुरी लागू लागली, आणि जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० केली. म्हणजे १५,००० च्या आतली रक्कम एकदा दिलेल्या परवानगीवर ओटीपीशिवाय जाऊ शकते. काकूंचे पैसे असेच गेले. कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं सूचना पाठवायची असते, पण ती इतर शंभर मेसेजमध्ये बुडून गेलेली असते.

उधारीचं खातं असेल तर 'पे नाऊ' दाबून बाकी स्वतः भरा. खातं बंद करताना ती आपोआप कापली जातेच, पण कार्डाची मुदत संपलेली असेल किंवा बँकेनं व्यवहार नाकारला तर बंद होणं तिथंच अडकतं. कार्ड आधी ब्लॉक करू नका असं म्हणते ते यासाठीच. बाकी राहिलेलं खातं बंद होत नाही आणि देणं अंगावर राहतं.

प्रीपेड खात्यात थोडे पैसे शिल्लक असतील तर माझा सल्ला सरळ आहे: परताव्याची वाट बघण्यापेक्षा ते वापरून टाका. धंदा बदललाय, पत्ता बदललाय, दुकान बंद होतंय, जुन्या गिऱ्हाइकांना कळवायचंय, अशी एखादी साधी पोस्ट बूस्ट करून रक्कम शून्यावर आणा. मोठी रक्कम असेल तर बंद करण्याआधी परताव्याची विनंती नोंदवा आणि पैसे ज्या बँक खात्यातून भरले होते ते खातं तोवर चालू ठेवा. मेटानं दिलेलं जाहिरातीचं कूपन किंवा फुकटचं क्रेडिट रोख परत मिळत नाही. ते उरलं असेल तर आधी तेच संपवा.

कागद: जे आज डाउनलोड होतं ते आजच करा

बिलिंगमध्ये तारखांची मर्यादा पहिल्या दिवसापासून आजपर्यंत लावा आणि सगळी बिलं पीडीएफमध्ये उतरवून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर प्रत्येक बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर शेवटचं बिल निघण्याआधी तो खात्याच्या सेटिंगमध्ये भरा. जाहिरातीवरच्या १८ टक्के कराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तुमच्या जीएसटीतून त्या कराची वजावट, तुम्हाला घेता येतं, पण त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच, आणि त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर ते भरेपर्यंतच. कंपोझिशन योजनेतल्यांना (छोट्या धंद्यांनी विक्रीवर ठरावीक दरानं कर भरायची सोपी योजना) हे क्रेडिट नाही. जीएसटीच्या नियमानुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, जपायचे असतात. धंदाच बंद करून जीएसटी नोंदणी रद्द करत असाल तर तीन महिन्यांच्या आत शेवटचं विवरणही भरावं लागतं. ही बिलं त्या वेळी तुमचे सीए मागतीलच.

रिपोर्टसुद्धा घ्या. ॲड्स मॅनेजरमध्ये साधारण ३७ महिन्यांपर्यंतचे आकडे मागे जाऊन बघता येतात. कॅम्पेननिहाय खर्च आणि मिळालेले परिणाम एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करा. सोबत चाललेल्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट, मजकूर आणि फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. उद्या दुसऱ्या नावानं धंदा सुरू केलात तर हे फोल्डर एखाद्या शिकवणीइतकं मोलाचं ठरेल.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट: लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांची नोंद. फॉर्म भरून घेणारी जाहिरात चालवली असेल तर लोकांची नावं, फोन नंबर मेटाकडे साठलेले असतात आणि ते फक्त ९० दिवस डाउनलोड करता येतात. एक्याण्णवाव्या दिवशी त्या नोंदी तुमच्या हाती लागत नाहीत. मी एका क्लासचं काम हाती घेतलं तेव्हा आधीच्या एजन्सीनं "देतो, देतो" करत तीन महिने काढले होते. जून-जुलैत चौकशी केलेल्या पालकांची जवळजवळ सगळी यादी गेली. पैसे क्लासनं दिले होते, फॉर्म पालकांनी भरले होते, आणि ऑक्टोबरमध्ये हातात काही नव्हतं. म्हणून एजन्सीशी भांडण असो वा नसो, लीडची फाइल पहिल्या दिवशी मागा. मेटा बिझनेस सूटमध्ये इन्स्टंट फॉर्म्समध्ये जाऊन ती तुम्हाला स्वतःलाही काढता येते, पेजवर तेवढा अधिकार मात्र हवा.

ही यादी हातात आल्यावर ती जपून वापरा. लोकांनी नंबर तुम्हाला तुमच्या क्लाससाठी दिलाय, शेजारच्या जिमवाल्यासाठी नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा हेच सांगतो, आणि कायदा नसता तरी तेच योग्य होतं.

मागं काही राहू देऊ नका

गिऱ्हाइकांच्या फोन नंबरची यादी अपलोड करून ऑडियन्स, म्हणजे जाहिरात दाखवायच्या लोकांचा गट, तयार केला असेल तर तो ऑडियन्सेसमध्ये जाऊन डिलीट करा. वेबसाइटवर पिक्सेल (पाहुण्यांची माहिती मेटाला पाठवणारा कोडचा तुकडा) बसवला असेल तर तोही काढा. जाहिरात खातं बंद झालं तरी वेबसाइटच्या कोडमधला पिक्सेल आपोआप निघत नाही, तो पाहुण्यांची माहिती पाठवतच राहतो. वर्डप्रेस असेल तर बहुतेक वेळा एखाद्या प्लगिनमध्ये सापडतो, शॉपिफायवर असाल तर फेसबुकच्या जोडणीत. एकाच पोर्टफोलिओतली दोन जाहिरात खाती एकच पिक्सेल वापरत असतील तर मात्र त्याला हात लावू नका.

त्यानंतर माणसं काढा. जुने कर्मचारी, मुलगा, एजन्सी, कॉलेजचा इंटर्न, सगळे. स्वतःला आणि घरच्या दुसऱ्या ॲडमिनला ठेवा.

निवडणूक लढवलेल्यांसाठी एक सूचना. राजकीय किंवा सामाजिक प्रश्नांवरच्या जाहिराती मेटाच्या ॲड लायब्ररीत सात वर्षं सगळ्यांना दिसतात, किती खर्च केला त्याच्या अंदाजासकट. खातं बंद करून तो इतिहास पुसला जात नाही. निवडणूक खर्चाच्या हिशेबात दाखवलेली रक्कम त्याच्याशी जुळती असू द्या.

आता शटर ओढा

एवढं झालं की उरलेलं काम पाच मिनिटांचं.

१. ॲड्स मॅनेजरमध्ये बरोबर खातं निवडलंय ना, ते कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा. सारख्या नावाची दोन खाती असतील तर शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचा.

२. खात्याच्या सेटिंगमध्ये किंवा बिझनेस सेटिंग्जच्या ॲड अकाउंट्समध्ये खातं उघडा. 'डीॲक्टिव्हेट ॲड अकाउंट' असा पर्याय दिसेल. काही ठिकाणी तो तीन टिंबांच्या मेनूत असतो.

३. कारण विचारतात. कोणतंही खरं कारण निवडा.

४. खात्री करून घ्यायला पासवर्ड किंवा कोड मागितला तर द्या आणि शेवटचं बटण दाबा.

५. खातं बंद झाल्याची जी सूचना येईल तिचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. बाकी शिल्लक असेल तर ती चुकती होईपर्यंत खातं मधल्याच अवस्थेत दिसेल.

खातं पुसलं जात नाही, निष्क्रिय होतं. क्रमांक तसाच राहतो, जुना इतिहास बघता येतो आणि पुढे वाटलं तर खातं पुन्हा सुरू करता येतं. मात्र कार्ड निघून गेलेलं असतं, ते नव्यानं जोडावं लागतं. आपल्याला तेच हवं होतं.

इथं एक फरक लक्षात ठेवा. तुम्ही बंद केलेलं खातं वेगळं आणि नियमभंगाच्या संशयावरून मेटानं बंद केलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारात 'डिसेबल्ड' असं दिसतं, तिथं बिझनेस सपोर्ट होममध्ये जाऊन फेरतपासणी मागायची असते. त्याही खात्यावर बाकी असेल तर ती द्यावीच लागते.

बँकेकडचं दार

आता, आणि आताच, ऑटोपे रद्द करा. यूपीआयनं परवानगी दिली असेल तर त्याच ॲपमध्ये, गूगल पे असो, फोनपे असो वा भीम, ऑटोपे किंवा मॅन्डेट या नावाखाली यादी सापडते. तिथं फेसबुक किंवा मेटा दिसलं की रद्द करा. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ई-मॅन्डेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधा. दिलेली परवानगी केव्हाही मागे घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे, त्यासाठी मेटाची संमती लागत नाही. ॲपमध्ये सापडलं नाही तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आयफोनवरच्या ॲपमधून बूस्ट केलं असेल तर पैसे ॲपलमार्फत गेलेले असू शकतात. ॲपलच्या खरेदीच्या नोंदीही एकदा चाळा.

चोरी झाली असेल तर

खात्यात अनोळखी जाहिराती, अनोळखी ॲडमिन, परक्या देशातली भाषा दिसली तर वरचा सगळा क्रम विसरा. इथं कार्ड सगळ्यात आधी. बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून तास मोजा, दिवस नाही.

बँकेचं झालं की अनोळखी माणसं काढा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, जाहिराती थांबवा आणि प्रत्येक गोष्टीचा स्क्रीनशॉट घ्या. खातं बंद करायची घाई नको. आधी मेटाकडे तक्रार करा आणि चोरट्या खर्चाचा परतावा मागा, कारण तोवर पुरावा त्या खात्यातच आहे.

याच काळात तुम्हाला फोन किंवा व्हॉट्सॲप मेसेज येऊ शकतो: "मेटा सपोर्टमधून बोलतोय, खातं बंद करून देतो, कोड सांगा." गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून सापडलेल्या नंबरवरही हेच होतं. खातं बंद करायला कुणालाही ओटीपी सांगावा लागत नाही, स्क्रीन शेअर करावी लागत नाही, आणि पैसे तर मुळीच भरावे लागत नाहीत. बटण तुमच्याच खात्यात आहे.

यूट्यूबवर जाहिरात दिली असेल तर

यूट्यूबच्या जाहिराती गूगल ॲड्समधून चालतात, मेटाचं खातं बंद केल्यानं त्यांना धक्का लागत नाही. तिथं ॲडमिन सेटिंगमधून खातं रद्द करता येतं. न वापरलेली स्वतः भरलेली रक्कम परत मिळते, फुकटचं क्रेडिट मिळत नाही. क्रम तोच: थांबवा, बाकी द्या, बिलं उतरवा, मग रद्द करा.

सगळं झाल्यावर फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाकून ठेवा, पुढच्या महिन्याची आणि त्याच्या पुढच्या महिन्याची, स्टेटमेंट येतं त्या दिवसाची. दोन्ही वेळा फक्त एक ओळ शोधायची आहे, 'फेसबीके'. ती सापडली तर तारखेसह ठेवलेला तो स्क्रीनशॉट घेऊन त्याच दिवशी बँकेत जा.